गुरुवारची खोली

दारू सुटण्याआधीची दोन वर्षं सकाळी माझा हात माझ्या ताब्यात नसायचा. दात घासताना ब्रश गालाला लागायचा, चहाचा कप बशीवर खडखड वाजायचा. बायको स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकायची. मी घराबाहेर पडायचो, कोपऱ्यावर जाऊन क्वार्टरमधली अर्धी घशात ओतायचो, आणि दहा मिनिटांत हात गप्प व्हायचा. त्यानंतरच मी कामाला जाऊ शकायचो, कारण माझं कामच हाताचं होतं.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या एका कारखान्यात मी कटिंग मास्टर आहे. लांबच लांब टेबल असतं, त्यावर डेनिमचे थर एकावर एक अंथरायचे, सगळ्यात वरच्या थरावर खडूने आखणी करायची आणि मग उभ्या पातीचं मशीन त्या रेषेवरून ढकलत न्यायचं. एका वेळी साठ-सत्तर थर कापले जातात. हात हलला तर एक पँट बिघडत नाही, सत्तर बिघडतात. अठरा वर्षं मी हे करतोय. शेठ सिंधी आहेत, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. ते मला मास्टरजी म्हणतात. आमचं बोलणं हिंदीत चालतं आणि मध्येच त्यांची सिंधी नि माझी मराठी त्यात घुसते.

मी मूळचा बदलापूरजवळच्या गावचा. आमची आगऱ्यांची आळी. मोठा भाऊ अजून गावात राहतो, थोडी भातशेती करतो आणि एक टेम्पो चालवतो. मी लग्नानंतर बदलापूर पश्चिमेला फ्लॅटमध्ये राहायला आलो. पिण्याची सुरुवात कशी झाली याची काही गोष्ट नाही. आमच्याकडे हळदीला सगळेच पितात, तसा मीही प्यायचो. फरक एवढाच की बाकीच्यांची हळद दुसऱ्या दिवशी उतरायची आणि माझी उतरली नाही. तरी मी स्वतःला नियम घालून घेतले होते. सोमवारी नाही, संकष्टीला नाही, श्रावणात तर अजिबात नाही. श्रावण पाळतो याचा मला फार अभिमान होता. जो माणूस महिनाभर थांबू शकतो तो बेवडा कसा, असं मी बायकोला विचारायचो. शेवटच्या वर्षी माझा श्रावण सहा दिवसांत संपला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती पँटची गोष्ट घडली. जीन्सला पुढचे दोन पाय लागतात, एक डावा आणि एक उजवा. पुठ्ठ्याचा पॅटर्न एकदा सरळ ठेवून आखायचा आणि एकदा पालथा करून. शिकाऊ माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हे. त्या सकाळी मी अर्धीच्या जागी पूर्ण क्वार्टर घेऊन आलो होतो. हात अगदी स्थिर होता. मी पॅटर्न ठेवला, आखला, उचलला, पुन्हा तसाच ठेवला, आखला, आणि सफाईने सगळे थर कापले. गठ्ठे शिलाईच्या माणसांकडे गेले. अर्ध्या तासाने शेठ हातात दोन तुकडे घेऊन माझ्याकडे आले.

"मास्टरजी," ते म्हणाले, "इसका दाहिना पैर किधर है?"

मी तुकडे एकमेकांवर ठेवून पाहिले. दोन्ही डावे होते. सत्तर पँट, सगळ्यांचे सगळे पाय डावे. शिलाईवाले हसायला लागले. शेठही हसले, आणि मीही हसलो. मग शेठ माझ्याजवळ सरकले, थांबले आणि त्यांचं हसू गेलं. त्यांना वास आला होता. मला ते आतल्या केबिनमध्ये घेऊन गेले आणि दार लावून म्हणाले, "सुबह के साढ़े दस बजे हैं, मास्टरजी." मी खाली बघत उभा राहिलो. "घर जाओ. ठीक होके आओ. तुम्हारी जगह पे अभी किसी को नहीं रखता. पर कब तक, वो नहीं बोलूँगा."

घरी येऊन मी सांगितलं की कापड आलेलं नाही, म्हणून सुट्टी. बायकोने मान हलवली. शेठचा फोन तिला मी घरी पोचायच्या आधीच आलेला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी ती साडी बदलून, पिशवी घेऊन दारात उभी होती.

"चला, दवाखान्यात जायचंय."

"कोणाला काय झालंय?"

"तुम्हालाच माहीत," ती म्हणाली.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी न रागावता सगळं विचारलं. सकाळी उठल्यावर घ्यावी लागते का, घाम येतो का, कधी झटका आला होता का. मग बायकोला विचारलं, "घरी काही औषध देताय का यांना?"

बायको पदराशी चाळा करत म्हणाली, "एक पावडर आणली होती. स्टेशनजवळ खांबावर जाहिरात होती. पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा म्हणून. मी डाळीत घालत होते."

"किती दिवस?"

"सहा महिने."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. सहा महिने मी त्या डाळीला नावं ठेवत होतो. डाळ कडू लागते म्हणून मी दुकान बदलायला लावलं, कुकर बदलायला लावला, एकदा ताट सरकवून उठून गेलो होतो. आणि ती रोज समोर बसून ती डाळ मला वाढत होती. डॉक्टरीणबाई तिला चांगल्याच ओरडल्या. असलं काही पुन्हा द्यायचं नाही, त्यात काय असतं कोणाला माहीत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही घरच्या घरी एकदम बंद करायची नाही. इतक्या दिवसांची सवय अचानक तोडली तर जिवावर बेतू शकतं. इथे ॲडमिट व्हा, आम्ही गोळ्या देऊन हळूहळू उतरवू."

पाच दिवस मी तिथे होतो. त्या दिवसांबद्दल मला फार सांगता येणार नाही, कारण पहिले दोन मला आठवतच नाहीत. सुटताना डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या मागच्या कागदावर एक पत्ता लिहून दिला. अंबरनाथ पश्चिमेची एक शाळा, गुरुवार, संध्याकाळी साडेसहा. "दारू सोडलेली माणसं तिथे जमतात," त्या म्हणाल्या. "फी नाही, फॉर्म नाही, कोणी तुमचं आडनावही विचारणार नाही. गोळ्यांचं काम संपलं. आता तुम्हाला माणसांमध्ये बसावं लागेल."

गुरुवारी मी निघालो. बदलापूरहून शेअर रिक्षाने, चिखलोलीच्या नव्या टॉवरांवरून. रिक्षात सगळ्यांना मी कुठे चाललोय ते कळतंय असं मला उगाच वाटत होतं. अंबरनाथला उतरल्यावर शाळा कुठे हे विचारायलाही जीभ वळेना. शेवटी एका नारळवाल्याला विचारलं, तेही "मुलाच्या ॲडमिशनचं काम आहे" असं सांगून. संध्याकाळी सहा वाजता कसली ॲडमिशन, असं त्याच्या चेहऱ्यावर उमटलं, पण त्याने बोट दाखवलं.

शाळेच्या पुढच्या हॉलमध्ये दिवे होते आणि पस्तीस-चाळीस माणसं खुर्च्यांवर बसली होती. इतकी माणसं असतील असं मला वाटलं नव्हतं. बायकाही होत्या. चांगले कपडे घातलेली, नोकरदार दिसणारी माणसं. मी मागच्या रांगेत बसलो. मला जरा धीर आला. एवढे सगळे जर आपल्यासारखे असतील तर आपण काही जगावेगळे नाही.

एक टक्कल पडलेले गृहस्थ उभे राहून बोलत होते. "पाच वर्षं झाली. सकाळी उठलं की पहिला विचार हाच. आज मिळेल की नाही? कामात लक्ष लागत नाही. बायकोशी भांडणं होतात." मी मान डोलावली. माझीच गोष्ट होती. मग एक बाई उठल्या. "माझ्या मुलांनी तर आशाच सोडलीय. ती म्हणतात, आई, आपण हे घर सोडून जाऊ." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिसरा कोणी म्हणाला, "आपण सगळे एकत्र आलो तरच यातून सुटका आहे. टँकर हा काही उपाय नाही. टँकरची एकदा सवय लागली की सुटत नाही."

आमच्याकडे फार पिणाऱ्याला टँकर म्हणतात. त्यामुळे मला तेही पटलं. फक्त वाक्यरचना जरा विचित्र वाटली.

असा मी पाऊण तास बसलो. मग टेबलामागच्या माणसाचं माझ्याकडे लक्ष गेलं. "तुम्ही नवीन दिसताय. बोला ना. तुमची विंग कोणती?"

"विंग?"

"ए की बी?"

"मी बदलापूरहून आलोय," मी म्हणालो.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "बदलापूरचा माणूस आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या मीटिंगला कशाला आलाय?" पुढच्या रांगेतल्या कोणीतरी विचारलं, आणि दुसरा म्हणाला, "बिल्डरचा माणूस असणार." मी उठलो, हात जोडले, काहीतरी पुटपुटलो आणि बाहेर पडलो. शाळेच्या शिपायाला विचारायचं धाडस माझ्यात उरलं नव्हतं. फाटकाबाहेर आल्यावर मला आधी हसू आलं, मग राग आला. राग डॉक्टरीणबाईंचा, बायकोचा, त्या टक्कलवाल्याचा. वीस पावलांवर बार होता. मी राग घेऊन आत शिरलो.

घरी गेलो तेव्हा बायकोने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. भांडली नाही. त्या रात्री मला डाळ वाढून ती स्वतः न जेवता झोपली, एवढं मी पाहिलं.

पुढच्या बुधवारी तिने मला भाजी निवडता निवडता सांगितलं, "मी जाऊन बघून आले."

"काय?"

"ती शाळा. पुढच्या गेटनं नाही जायचं. मागच्या गेटनं आत गेलं की पाण्याचे नळ आहेत. नळांच्या बाजूची खोली. मी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, गुरुवारचे लोक ना, ते मागं बसतात."

शिपायाला तिने काय म्हणून विचारलं असेल, हे मी तिला कधी विचारलं नाही. मला नारळवाल्यापुढे जे जमलं नव्हतं ते तिने माझ्यासाठी केलं होतं.

"तू चल ना बरोबर," मी म्हणालो.

"नाही." तिने निवडलेली मेथी पाण्यात टाकली. "शाळेत सोडायला आई येते. मी तुमची आई नाही."

गुरुवारी मी मागच्या गेटनं गेलो. नळाजवळ एक साठीच्या पुढचे काका स्टीलचे ग्लास विसळत होते. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, खिशाला पेन. मी घुटमळलो तेव्हा त्यांनी विचारलं, "गुरुवारचं ना? हे धर." आणि चार ग्लास माझ्या हातात दिले. ग्लास एकमेकांवर वाजायला लागले. ते म्हणाले, "वाजू दे. स्टीलचे आहेत, फुटणार नाहीत."

ती तिसरीच्या वर्गाची खोली होती. बाकं इतकी बुटकी की गुडघे छातीला लागत. भिंतीवर पाढे आणि फळांची चित्रं. अकरा माणसं होती. काका ऑर्डनन्स फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले होते. एकोणीस वर्षं त्यांनी घेतली नव्हती. बाकीच्यांत एक रिक्षावाला होता, एक बँकेतला, एक बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा कातकरी माणूस, जो दोन गाड्या बदलून यायचा. आणि उल्हासनगरची एक बाई होती, पार्लर चालवणारी. सगळे तिला ताई म्हणायचे. ती त्या दिवशी बोलली. "मैं किचन में रखती थी, व्हिनेगरच्या बाटलीत. घरात कुणाला शंकाच नाही. एकदा सासूने सॅलडमध्ये टाकलं. सगळे म्हणाले, आज सॅलड मस्त झालंय." लोक हसले, तीही हसली आणि मग हसता हसता तिने डोळे पुसले. कोणी तिला समजावलं नाही. ती थांबेपर्यंत सगळे थांबले.

माझी पाळी आली. आजवर मी दारूबद्दल जेवढं बोललो होतो ते सगळं खोटं होतं, त्यामुळे खरं कुठून सुरू करायचं ते कळेना. शेवटी मी म्हणालो, "मी मागच्या गुरुवारी पण आलो होतो. पुढच्या हॉलमध्ये. पाण्याच्या मीटिंगला."

मी सगळं सांगितलं, टँकरसकट. बँकेतला माणूस बाकावर डोकं टेकून हसत होता. काकांना चहाचा ठसका लागला. कितीतरी दिवसांनी माझ्यावर कोणी हसलं आणि मला लाज वाटली नाही. मग मी पुढचंही सांगितलं, की तिथून निघालो आणि बारमध्ये गेलो. त्यावर कोणी हसलं नाही, आणि कोणी च्च-च्चही केलं नाही. काका एवढंच म्हणाले, "पण आज आलास."

मग मी दर गुरुवारी जायला लागलो. शेठनी मला तिसऱ्या आठवड्यात परत घेतलं, आधी फक्त गठ्ठे बांधायला. महिन्याभराने मशीन हातात दिलं. ते दहा मिनिटं माझ्या मागे उभे राहिले, मग केबिनमध्ये निघून गेले.

गावाला पुतण्याचं लग्न निघालं तेव्हा मी घाबरलो. आमच्या हळदीत डीजे असतो, मटण असतं आणि बाकी जे असतं ते सगळ्यांना माहीत आहे. न जाणं शक्य नव्हतं. सख्ख्या भावाचा मुलगा. काकांना विचारलं. ते म्हणाले, "जेवून जा, उपाशी जाऊ नको. निघायची वेळ आधी ठरव. आणि कोणी विचारलं तर औषध चालू आहे वगैरे सांगू नको. औषध संपतं कधीतरी, मग लोक पुन्हा विचारतात."

मांडवात पोचून पंधरा मिनिटं झाली नाहीत तोच भाऊ ग्लास घेऊन आला. तो स्वतः रंगात होता. "घे."

"नको, दादा."

"आरं, माज्या पोराची हलद हाय. एक घोट घेतलास तं मरशील काय?"

आजूबाजूला चार-पाच जण बघत होते. मी म्हणालो, "हो, दादा. मरेन."

त्याने मला नीट पाहिलं. लहानपणी मी नदीत बुडता बुडता वाचलो होतो, तेव्हा काठावर आणल्यावर त्याने असंच पाहिलं होतं. मग त्याने तो ग्लास स्वतःच पिऊन टाकला, माझा दंड धरला आणि मला मांडवामागे आचाऱ्याकडे घेऊन गेला. "हा मटनाकडं बगल," तो ओरडून सगळ्यांना म्हणाला. "याला कुनी गिलास दिला तं माज्याशी गाठ हाय." मी दोन तास त्या पातेल्याशेजारी घाम गाळत बसलो आणि ठरलेल्या वेळी बायकोबरोबर घरी आलो. रस्त्यात ती म्हणाली, "मटण छान झालं होतं." मी ते बनवलं नव्हतं, फक्त राखलं होतं, पण मी मान्य करून टाकलं.

इथे थांबलं तर गोष्ट छान दिसली असती. पण हळद निभावलेला मी, सव्वा महिन्याने एका मंगळवारी दुपारी प्यायलो. कारण सांगता येत नाही. त्या दिवशी भांडण नव्हतं, दुःख नव्हतं, उलट मोठी ऑर्डर वेळेत कापून झाली होती आणि शेठ खूश होते. जेवणाच्या सुट्टीत पान खायला बाहेर पडलो आणि पाय दुसरीकडे वळले. नंतर मी कामावर परत गेलोच नाही. शेठना पोट बिघडल्याचा फोन केला आणि उल्हास नदीच्या घाटावर अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. दारूपेक्षा मला गुरुवारची भीती वाटत होती. साडेपाच महिने झाले म्हणून त्या लोकांनी मागच्याच आठवड्यात टाळ्या वाजवल्या होत्या.

गुरुवारी मी नळाजवळ काकांना गाठलं आणि आत जाण्याआधीच सांगून टाकलं. त्यांनी नळ बंद केला.

"बायकोला सांगितलंस?"

"तिला कळलंच."

"कळणं वेगळं. तू सांगितलंस का?"

"नाही."

"आज घरी गेल्यावर सांग. आणि आत सगळ्यांना सांग. मग चहा घे." त्यांनी पुन्हा नळ सोडला. ग्लास विसळता विसळता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी एकोणीस वर्षं आहेत ना, त्याच्याआधी सात वेळा असंच झालंय. तेव्हा मी प्रत्येक वेळी सांगायला यायचो नाही. तीन वेळा तर वर्षभर तोंड लपवलं."

मी आत जाऊन सांगितलं. घरी जाऊन बायकोलाही सांगितलं, जेवणाआधी. ती म्हणाली, "बरं." मग ताट वाढता वाढता म्हणाली, "याच्या आधी कधी सांगितलं नव्हतंत." त्या मंगळवारपासून मी पुन्हा दिवस मोजायला लागलो. आता दुसरं वर्ष संपत आलंय.

मध्ये एकदा आमची खोलीच गेली. शाळेचं छत दुरुस्तीला निघालं आणि मुख्याध्यापकांनी चार महिन्यांसाठी सगळे वर्ग बंद केले. आम्ही जागा शोधायला लागलो. एका सभागृहवाल्याने भजनी मंडळ समजून हो म्हटलं आणि खरं कळल्यावर नाही म्हटलं. दोन गुरुवार आम्ही शाळेमागच्या पटांगणात उभ्याने काढले. पाड्यावरचा माणूस दोन गाड्या बदलून यायचा आणि उभा राहायचा. ते मला बघवेना. आमच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असते. मी शेठच्या केबिनमध्ये गेलो.

"शेठ, शुक्रवारी संध्याकाळी कटिंगची खोली हवी होती. दीड तास. बारा जण असतील."

"किस लिए? पार्टी है?"

मला भजनी मंडळ म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "दारू छोड़ने वालों की मीटिंग है. मैं जाता हूँ उसमें. उसी से मेरा हाथ ठीक हुआ."

शेठ खुर्चीत मागे रेलले. त्यांना मी गावठी औषध घेतलं असं वाटत होतं. "मतलब बारह शराबी मेरे कारखाने में आएँगे?"

"आते हैं तो पिए हुए नहीं होते. चाय पीते हैं."

त्यांनी हातातलं पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, "मशीन का प्लग निकाल के रखना. और टेबल पे चाय मत गिराना, कपड़े को दाग लगता है."

चार महिने आम्ही त्या लांब टेबलाभोवती स्टुलांवर बसलो. पहिल्याच शुक्रवारी शिलाईतला एक जण विसरलेला डबा न्यायला आला आणि त्याने मला त्या घोळक्यात पाहिलं. सोमवारपर्यंत सगळ्या कारखान्याला कळलं. दोन दिवस टोमणे झाले. तिसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं की त्याच्या मेव्हण्याला आणलं तर चालेल का. मेव्हणा दोनदा आला आणि मग आला नाही. इस्त्रीवाला अजून त्याच्यासाठी बैठकीचा वार विचारून ठेवतो.

शाळा दुरुस्त झाल्यावर आम्ही परत तिसरीच्या वर्गात गेलो. आता भिंतीला फिका निळा रंग आहे.

यंदा एक नवीन गोष्ट झाली. ताईंनी माझ्याकडून नंबर घेऊन बायकोला सांगितलं की पिणाऱ्यांच्या घरच्यांचीही एक वेगळी बैठक असते, बदलापूर पूर्वेला, शनिवारी दुपारी. बायको आधी नको म्हणाली. माझी दारू सुटली, आता मला कशाला, असं तिचं म्हणणं. मग एका शनिवारी तिने विचारलं, "पूर्वेला कुठं आहे ते?" मी लगेच म्हणालो, "मी शेठकडे अर्धी सुट्टी मागतो, सोडायला येतो." ती बाइकवर मागे बसली.

बैठक एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. बायको जिना चढून गेली आणि मी खाली उभा राहिलो. समोरच्या टपरीवर चहा घेतला. अर्धा तास झाला, तास झाला. वरची खिडकी उघडी होती. बायकांचे आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. एकदा सगळ्या एकदम हसल्या. मला वाटलं, डाळीची गोष्ट सांगत असेल. मग बराच वेळ एकच आवाज येत राहिला, संथ, न थांबता. तो तिचा होता. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण तिला मी इतका वेळ सलग बोलताना कधी ऐकलेलं नव्हतं.

ती खाली आली तेव्हा तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळख असल्यासारखं, आणि निरोप घेऊन गेल्या. बायकोचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा मोकळा होता.

"काय बोललीस?" मी विचारलं.

"ते तिथंच ठेवायचं असतं," ती म्हणाली. "तुमच्याकडे पण तसंच ना?"

"हो. तसंच."

"मग झालं तर." तिने पदर खोचला आणि बाइकवर बसली. "चला, भूक लागलीय. पुढच्या शनिवारी मी रिक्षानं येईन, तुम्ही खाली ताटकळत बसू नका."

मी बाइक सुरू केली. आम्ही पुलावर चढलो. मग मागून तिने विचारलं, तुम्हाला वडापाव चालेल की घरी जाऊन पिठलं करू. मी म्हणालो, पिठलं.